महागडा जुना माणूस: ठेवायचा, सोडायचा की त्याची जागा बदलायची?

या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांच्या लक्षात आलं असेल की मागे नागझिऱ्याचं जंगल दिसतंय. पिटेझरी गेटपासून थोड्या अंतरावर एका होमस्टेच्या अंगणात बसून तो शूट केला. व्हिडिओत वेळ कमी पडला, हिशोब अर्धा राहिला. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी "सर, आकडे नीट लिहून द्या" असं म्हटलं. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, मधे गुणाकार-भागाकार आहे.

प्रश्न त्या होमस्टेवाल्या भाऊंचाच होता. सहा खोल्या, पाच माणसं कामाला. दोन सीझन झाले, धंदा ओढूनताणून चाललाय. चहा देता देता म्हणाले, "सर, सगळ्यात जास्त पगार आमच्या खानसाम्याले जाते जी. अकरा वर्षांपासून आहे. चोवीस हजार. त्याच्या जागी चौदा हजारात पोरगा भेटून राहिला. काढू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. मी त्यांना विचारलं, "आयपीएल पाहता?" ते हसले. पण मी गंमत करत नव्हतो, कारण नेमका हाच प्रश्न एकदा आपल्या पुण्याच्या टीमसमोर आला होता, आणि तो सगळ्या देशासमोर सोडवला गेला.

आठवतंय का बघा. चेन्नई आणि राजस्थान या दोन टीम दोन वर्षांसाठी निलंबित झाल्या, तेव्हा त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट अशा दोन नव्या टीम आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या दोन टीमचे खेळाडू निवडायचे होते. पुण्याने पहिली निवड केली महेंद्रसिंग धोनीची, साडेबारा कोटींना. त्यानंतर अजिंक्य रहाणे साडेनऊ कोटी, अश्विन साडेसात, स्टीव्ह स्मिथ साडेपाच, फाफ डू प्लेसी चार. कागदावर एवढी भारी टीम की बाकीच्यांनी घरीच बसावं.

प्रत्यक्षात २०१६ च्या सीझनमध्ये काय झालं? १४ पैकी ५ सामने जिंकले, ८ टीममध्ये ७ वा नंबर. पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श एकामागोमाग दुखापतीने घरी गेले. त्यात महाराष्ट्रात दुष्काळ, कोर्टाच्या आदेशामुळे मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यावे लागले आणि पुण्याची टीम आपलं 'घर' म्हणून विशाखापट्टणमला खेळली. म्हणजे अपयशाची कारणं चार-पाच होती. पण लोकांच्या नजरेत कोण येतं? सगळ्यात महागडा माणूस. धंद्यातही असंच होतं. नुकसान झालं की मालकाचं बोट पगारपत्रकाच्या पहिल्या ओळीवर जातं, कारण तो आकडा सगळ्यात मोठा दिसतो. मोठा आकडा आणि नुकसानीचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पगाराच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

आता पुण्यासमोर रस्ते किती होते? धोनीला सोडून द्यायचं आणि साडेबारा कोटी मोकळे करायचे. किंवा दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात कोणी घ्यायचं. किंवा आहे तसं चालू द्यायचं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पीटरसन, इशांत शर्मा, इरफान पठाण असे बरेच खेळाडू सोडले, त्यातून पैसा मोकळा केला. धोनीला ठेवलं, पण १९ फेब्रुवारी २०१७ ला त्याच्याकडून कप्तानी काढून स्मिथला दिली. दुसऱ्याच दिवशी लिलावात बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं.

इथे थोडं थांबू. कारण आपल्याकडे हा किस्सा "धोनीचा अपमान केला" एवढ्यावरच संपतो. मला त्यात धंद्याची गोष्ट दिसते. धोनीच्या साडेबारा कोटीत दोन-तीन कामांचे पैसे होते: कप्तानी, विकेटकीपिंग, शेवटच्या ओव्हरमधली फटकेबाजी. पुण्याच्या मालकांना वाटलं की यातलं एक काम दुसऱ्याला द्यावं, बाकीची दोन याच्याकडेच राहू द्यावीत. पैसा तोच, पण माणूस जिथे अजून सगळ्यांपेक्षा चांगला आहे तिथेच त्याला उभं केलं.

निकाल? २०१७ मध्ये पुण्याने ९ सामने जिंकले, दुसरा नंबर, थेट फायनल. सुरुवातीला चारपैकी तीन सामने हरले तेव्हा "धोनी संपला" अशी ओरड झालीच. मग २२ एप्रिलला पुण्यात हैदराबादविरुद्ध १७७ धावांचा पाठलाग करताना त्याने ३४ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि शेवटच्या चेंडूवर सामना काढला. मुंबईविरुद्धच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये २६ चेंडूंत नाबाद ४०. तो सामना पुण्याने २० धावांनी जिंकला.

पण मी फक्त गोड बाजू सांगणार नाही. २१ मे ला हैदराबादच्या फायनलमध्ये मुंबईने फक्त १२९ केल्या होत्या. पुण्याच्या १२८ झाल्या. एका धावेने हरले, आणि त्या दिवशी धोनीच्या बॅटमधून १३ चेंडूंत १० धावा आल्या. पूर्ण सीझनभर त्याने धावांचा डोंगर उभा केला असंही नाही. टीम वर आली त्यात स्टोक्स होता, ३० लाखांना घेतलेल्या जयदेव उनाडकटच्या २४ विकेट होत्या, आणि १० लाखांना घेतलेला आपला पुण्याचा राहुल त्रिपाठी होता, ज्याने ३९१ धावा केल्या. म्हणजे महागडा माणूस ठेवून स्वस्तातली चांगली माणसं शोधायचं कामही त्यांना करावंच लागलं. एकट्या खानसाम्यावर होमस्टे चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या सगळ्या प्रकरणात खटकली. पहिल्याच सामन्यात स्मिथने नाबाद ८४ करून टीम जिंकवली, तेव्हा मालकांच्या भावाने ट्विटरवर स्मिथचं कौतुक करताना धोनीला डिवचलं. चाहते तुटून पडले. जबाबदारी बदलणं हा मालकाचा हक्क आहे. जुन्या माणसाला चारचौघांत कमी लेखणं हा हक्क नाही, आणि त्यात फायदाही नाही, कारण बाकीची माणसं बघत असतात की आपलं वय झाल्यावर हा मालक आपल्याशी कसा वागेल.

असो. आता पिटेझरीच्या अंगणात परत येऊ. आकडे मी गोल केलेत, हिशोबाची पद्धत बघा.

खानसाम्याचा पगार २४,०००. नव्या पोराचा १४,०००. फरक महिन्याला १०,०००, वर्षाला १,२०,०००. भाऊंचा हिशोब इथेच संपला होता. आपला इथून सुरू होतो.

एक खोली एक रात्र जेवणासकट ३,५०० ला जाते. भाजीपाला, गॅस, धुलाई, कमिशन सगळं जाऊन हातात उरतात साधारण १,५००. मग १,२०,००० ला १,५०० ने भागा. ८० येतात. याचा अर्थ, खानसामा गेल्यामुळे वर्षात ८० खोली-रात्री कमी झाल्या, तर वाचवलेला सगळा पगार तिथेच गेला. ८० पेक्षा कमी गेल्या तर भाऊ फायद्यात, जास्त गेल्या तर तोट्यात. हा ८० चा आकडा कुठल्याही धंद्यात काढता येतो: वाचणारा पगार भागिले एका गिऱ्हाइकामागे हातात उरणारी रक्कम. विक्रीच्या रकमेने भागू नका हां, उरणाऱ्या रकमेने. बरेच जण ३,५०० ने भागतात, त्यांना ३४ उत्तर येतं. मग त्यांना वाटतं ३४ रात्री गेल्या की पगाराची बचत संपली, म्हणजे महागडा माणूस उगाच जास्त किमती दिसतो.

मग प्रश्न असा की हे ८० जण त्याच्या हाताच्या जेवणासाठी येतात का? हे घरात बसून कळत नाही. मी भाऊंना रजिस्टर काढायला लावलं. वर्षभरात ५४० खोली-रात्री विकल्या होत्या. त्यातल्या १७० पुन्हा येणाऱ्या कुटुंबांच्या. त्यांतल्या वीस घरांना फोन केले, एकच प्रश्न: "आमच्याकडेच परत का आलात?" बारा घरांनी आधी जेवणाचं नाव काढलं. पाच जण वाघाचं बोलले (वाघ काही भाऊंच्या पगारावर नाही!). तिघांना दर परवडतो.

वीसपैकी बारा म्हणजे ६० टक्के. १७० चे ६० टक्के १०२. आता १०२ हे ८० पेक्षा जास्त आहेत, पण जेवण आवडतं म्हणणारा प्रत्येक जण खानसामा गेल्यावर यायचं थांबेलच असं नाही. काही येतील, कुरकुरतील, परत येतील. म्हणजे खरं सांगायचं तर गणित काठावरचं आहे. मी भाऊंना तेच सांगितलं. "काढा" असंही निघत नाही आणि "अजिबात काढू नका" असंही नाही.

काढताना लागणारा खर्चही धरा. तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि माणसाची पाच वर्षं भरली असतील, तर ग्रॅच्युइटी द्यावी लागते. सूत्र सोपं: शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २४,००० आणि ११ वर्षं धरली तर साधारण १ लाख ५२ हजार होतात. म्हणजे पहिल्या वर्षाची बचत तिथेच गेली, वर ३२ हजार खिशातून. भाऊंकडे पाचच माणसं, त्यामुळे त्यांना हा कायदा लागत नाही. पण अकरा वर्षं राबलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणार का, हा प्रश्न कायद्याच्या बाहेर उरतोच. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते आपल्या सल्लागाराला विचारून घ्या, व्हिडिओ बघून ठरवू नका.

अजून एक आकडा रजिस्टरमध्येच होता, ज्याकडे भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं. सहा खोल्या आणि नऊ महिन्यांचा सीझन म्हणजे सुमारे १,६२० खोली-रात्री. विकल्या ५४०. तिसरा हिस्सा. दोन तृतीयांश खोल्या रिकाम्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा सोमवार ते गुरुवार. तिथे खानसामा बिचारा काय करणार? पुण्याच्या २०१६ च्या टीमसारखंच आहे हे. दुखापती, दुष्काळ, हलवलेलं मैदान, आणि बोट मात्र साडेबारा कोटींकडे.

हां, एका बाबतीत भाऊ आणि पुणे वेगळे आहेत. पुण्याच्या टीमचं आयुष्यच दोन वर्षांचं होतं, २०१७ नंतर ती राहणारच नव्हती. त्यांना "पाच वर्षांनी धोनीच्या जागी कोण" हा विचार करायची गरज नव्हती. भाऊंना आहे. खानसाम्याचं वय चौपन्न. त्याच्या हाताखाली आज कोणीच शिकत नाही. तो उद्या आजारी पडला तर शनिवारच्या सहा भरलेल्या खोल्यांना कोण जेवू घालणार? उलट बाजूचं उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने साडेसतरा कोटींच्या कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूकडे दिलं आणि त्या मोकळ्या झालेल्या पैशातून गुजरातकडून हार्दिक पंड्याला आणलं. २०२४ मध्ये तीच मुंबई दहापैकी दहावी आली, १४ पैकी ४ विजय. अदलाबदल केली म्हणजे टीम सुधारलीच, असं नाही.

शेवटी मी भाऊंना म्हटलं, हिशोब झाला, आता ज्याच्याबद्दल बोलतोय त्यालाच बोलवा. आयपीएलमध्येसुद्धा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, मग आपल्या स्वयंपाकघरात का नको? खानसामा आला, हात पुसत उभा राहिला. भाऊंनी आढेवेढे घेत सांगितलं की पगार झेपत नाही.

तो म्हणाला, "मालक, मीच बोलनार होतो. पावसाळ्यात गेट बंद असते, गेस्ट नसते. तिकडं माझ्या वावरात धानाची रोवणी असते, मानसं भेटत नाही. मले ते तीन महिने सुटी द्या, पगार कमी करा. फक्त नाव राहू द्या."

अकरा वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं! जुलै ते सप्टेंबर जंगल बंद, आणि दर वर्षी तो माणूस रिकाम्या होमस्टेत भांडी घासत पूर्ण पगार घेत होता, तिकडे त्याची रोवणी मजुरांवाचून अडत होती. तिथेच ठरलं: सीझनचे नऊ महिने २४,०००, बंदच्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक फेरी आणि ८,०००. वर्षाला ४८,००० वाचले. बाजारहाट आणि सकाळचा नाश्ता आता दुसऱ्या एका पोराकडे, जो आधीच झाडलोट करत होता आणि आता खानसाम्याच्या हाताखाली शिकेल. त्याचा पगार महिन्याला दीड हजाराने वाढवला, म्हणजे वर्षाचे १८,००० गेले. हातात राहिले ३०,०००.

भाऊंना हवे होते १,२०,०००. उरलेले ९०,००० कुठून येणार? ९०,००० भागिले १,५००, ६० खोली-रात्री. सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या खोल्यांमधून, महिन्याला सहा-सात. त्यासाठी गोंदिया, भंडारा आणि नागपूरच्या शाळांच्या सहली आणि पक्षी बघणारे ग्रुप यांची यादी करायला घेतली आहे. पुढच्या व्हिडिओत तीच यादी आणि फोनवर काय बोलायचं ते बघू. तोपर्यंत तुमच्या धंद्यातला '८०' काढा आणि कमेंटमध्ये लिहा. पगार लिहिला नाही तरी चालेल, पण एका गिऱ्हाइकामागे हातात किती उरतात ते नक्की लिहा.