टायर अवेळी का फुटतो? हवेचा साधा हिशेब

व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे नीट लिहून देतोय.

चारठाण्याहून माल आणायला आपण जालन्याला जातो, तिथून समृद्धीवरही चढतो. तिथे कारला 120 ची वेगमर्यादा. रस्ता तापलेला, गाडीत माल आणि त्यात हवा कमी असेल, तर टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते आणि फुटते. म्हणून ‘उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा’ हा सल्ला उलटा आहे.

मग काय करायचं?

1. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतो. भरल्या गाडीचा वेगळा दिला असेल तर तो धरा. स्टेपनीही बघा.
2. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट करून घ्या.
3. नक्षी 1.6 मिमीवर आली की टायर बदला.
4. खड्ड्यात आदळून बाजूला फुगा आला, म्हणजे आतले धागे तुटले. त्याला दुरुस्ती नाही.
5. जुना टायर घेताना शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

दुकानाच्या वहीत महिन्याच्या दोन तारखा हवेसाठी लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण गाडीत आपली माणसं बसतात!