पिचकारी आणि विहीर

मार्च महिना होता. कयाधू नदीच्या परिसरातील विहिरींचे पाणी खोल गेले होते. हिंगोली जिल्ह्यातील आमच्या शाळेत नववीचा एक मुलगा वर्गात उदास बसला होता. मी कारण विचारले.

तो म्हणाला, "सर, आमच्या विहिरीवरची मोटार चालते, पण पाणी येत नाही. मिस्त्री म्हणतो, मोटारीत बिघाड नाही. आता अब्बा बैल विकून मोठी मोटार आणणार आहेत."

"मोटारीपासून पाणी किती खोल आहे?"

"माहीत नाही, सर."

"मग अब्बांना दोर सोडून मोजायला सांग. उद्या येताना घरातली पिचकारी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, नऊ मीटर."

मी पिचकारीचे तोंड पाण्यात बुडवले आणि दांडा मागे ओढला. पिचकारी भरली.

"पाणी वर का आले?"

"आपण ओढले म्हणून!" सगळा वर्ग म्हणाला.

"पाहू या," मी म्हणालो. पिचकारी रिकामी करून दांडा पूर्ण आत दाबला. तोंडावर बोट घट्ट धरून दांडा ओढला आणि सोडून दिला. दांडा झटकन आत गेला! त्याला आत कोणी ढकलले? बाहेरच्या हवेने.

मग एक काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरली. तिला एक भोक असलेले रबरी बूच घट्ट बसवले. त्या भोकात पिचकारीचे तोंड बसवले. मुलाने जोर लावून दांडा ओढला, पण पिचकारी भरेना. बूच थोडे सैल करून हवेला वाट दिली, तेव्हा पाणी सहज वर चढले.

मुलांनो, ओढणारा तोच होता, पाणीही तेच होते. फरक फक्त हवेचा होता. दांडा मागे गेला की आतली जागा रिकामी होते. मग बाहेरची हवा पाण्यावर दाब देते आणि पाण्याला त्या जागेत ढकलते. विहिरीवरची मोटारही आधी हेच करते. तिच्यापर्यंत पाणी पोहोचवते ती हवा. तेथून पुढे पाणी वर ढकलते ती मोटार.

पण हवेच्या ताकदीला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. या दाबाने पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर चढते. इटलीतील पंप बनवणाऱ्यांनाही हाच अनुभव आला होता. गॅलिलिओचा शिष्य टॉरिसेली याने १६४३-४४ च्या सुमारास त्याचे कारण हवेचा दाब हे सांगितले. पाण्याऐवजी त्याने १३.६ पट जड असा पारा वापरला. पारा फक्त ७६ सेंटिमीटर उंच उभा राहिला.

हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. म्हणून येथे ही मर्यादा दहा मीटरपेक्षा थोडी कमी आहे. शिवाय पाइपातील घर्षण आणि गळती यांमुळे प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरावे.

"म्हणजे मोठी मोटार आणली तरी पाणी येणार नाही?" मुलाने विचारले.

"नाही. मोटार मोठी केल्याने हवेचा दाब वाढत नाही. मोटार पाण्याजवळ न्यावी लागेल."

त्याच्या अब्बांनी वीज बंद करून, जाणकार माणसांच्या मदतीने मोटार विहिरीत पाच मीटर खाली पक्क्या ओट्यावर बसवली. पाणी आले. बैल गोठ्यातच राहिले.

खेळण्यातून विज्ञान शिकता येते. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून अशी कितीतरी खेळणी बनवून मुलांना विज्ञान शिकवले. २०१८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

शब्दार्थ (उर्दू)
दाब – दबाव. प्रयोग – तजरबा. मर्यादा – हद. कारण – वजह. बिघाड – खराबी. उदास, हवा – दोन्ही भाषांत हेच शब्द.

स्वाध्याय
१. बूच घट्ट असताना पिचकारी का भरली नाही?
२. मिस्त्रीचे म्हणणे खरे होते का? कारण लिहा.
३. महाबळेश्वर हिंगोलीपेक्षा उंच आहे. तेथे ही मोटार पाणी जास्त खोलीवरून घेईल की कमी?
४. बोअरवरचा हापसा तीस मीटर खोल पाणी वर आणतो. त्याचा दट्ट्या जमिनीवर असेल की पाण्यात? विचार करून सांगा.