सूर्य आणि शेती : नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

पेरणीचे दिवस जवळ आले की गावोगावी शेतकऱ्यांच्या सभा भरतात. तेथे बी-बियाणे, खते व औषधे यांविषयी जसे प्रश्न निघतात, तसे आकाशाविषयीही निघतात. मृग लागला, आता पेरावे की थांबावे? ग्रहणाने पिकास अपाय होतो काय? ऊन पूर्वीपेक्षा वाढले, ते सूर्य अधिक तापल्यामुळे काय? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ज्याला आपल्या वर्षभराच्या बचतीचे बियाणे एका दिवसात मातीत टाकावयाचे असते, त्याच्या दृष्टीने त्यांच्या उत्तरांना मोल आहे.

पुढील उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सूर्याचे वेळापत्रक ठरलेले आहे. त्याचा हिशेब शेकडो वर्षे आधी मांडता येतो. परंतु सूर्याची उष्णता पृथ्वीवर पोचल्यानंतर समुद्र, वारा, ढग व जमीन मिळून तिचे जे काही करतात, ते दरवर्षी सारखे नसते. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर बियाणे वाया जाते.

प्रश्न १ : सूर्य एवढी उष्णता कोठून आणतो? ती कधी संपेल काय?

सूर्य हा तप्त वायूंचा प्रचंड गोळा आहे. त्याचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १०९ पट आहे. त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस असून तेथे हायड्रोजनचे रूपांतर हेलियममध्ये होत असते. या क्रियेत दर सेकंदास सुमारे ४० लाख टन पदार्थाचे ऊर्जेत रूपांतर होते. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे सूर्यप्रकाशास येथे पोचण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि त्याच्याजवळचे इंधन आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. म्हणून त्याविषयी काळजी करण्याचे कारण नाही.

प्रश्न २ : उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, म्हणून उकडते काय?

हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि आपल्याकडे थंडी असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. आपला गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो तेव्हा किरणे सरळ पडतात व दिवस मोठा असतो. तो विरुद्ध बाजूस कललेला असतो तेव्हा किरणे तिरपी पडतात, तीच उष्णता अधिक जागेवर पसरते व दिवसही लहान होतो. पुण्यास २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो अकरा तासांचा भरतो.

याची प्रचीती शाळेच्या पटांगणात सहज घेता येते. एक सरळ काठी ओळंब्यात उभी करावी आणि दर पंधरवड्यास मध्यान्हीच्या सर्वांत आखूड सावलीच्या टोकाशी खूण करावी. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे वर्षातून दोन दिवस काठीची सावली मध्यान्ही नाहीशी होते. कोल्हापुरास पहिला असा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यास मेच्या मध्यास आणि नागपुरास मेच्या अखेरच्या आठवड्यात. घड्याळात त्या वेळी नेमके बारा वाजलेले नसतात. पुण्यास सुमारे साडेबारा झालेले असतात. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा झाकलेले असते. ढगांमुळेच सूर्य डोक्यावर असूनही जुलै महिना मेइतका तापत नाही.

प्रश्न ३ : मकरसंक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो काय?

दिवस मोठा होण्यास प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास आरंभ होतो. संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीस येते. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डुलत असतो व त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पुरी होते. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेले राशी-नक्षत्रांचे दिवस ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत व उत्तरायणाचा आरंभ हे एकत्र येत असत. सण आपल्या दिवशी साजरा करण्यास यामुळे कोणताच बाध येत नाही.

प्रश्न ४ : मृग लागला तरी पाऊस का येत नाही?

पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे आहेत. सूर्य एका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो. म्हणूनच चंद्राच्या तिथी मागेपुढे झाल्या तरी मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. आपल्या पूर्वजांनी पावसाचा काळ सूर्याशी जोडला, यात त्यांचे सूक्ष्म निरीक्षण दिसून येते.

परंतु मृग लागणे म्हणजे सूर्य त्या जागी पोचणे, एवढेच. पाऊस येण्यासाठी पुष्कळ काही जुळून यावे लागते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर व अधिक तापते, वायव्य भारताकडे हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरील बाष्पाने भरलेले वारे नैऋत्येकडून देशात शिरतात. हे वारे कधी लवकर येतात, कधी उशिरा आणि कधी येऊन मध्येच थांबतात. दूर प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, तरी त्याचा परिणाम आपल्या पावसावर होऊ शकतो.

अलीकडच्या दोन वर्षांचे उदाहरण पाहावे. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईस २५ जून रोजी पोचला. २०२५ साली तो २६ मे रोजीच पोचला. दोन्ही वर्षी मृग त्याच सुमारास लागला होता. पावसात मात्र एक महिन्याचे अंतर पडले. यावरून नक्षत्र पाहून तयारी करावी आणि जमिनीतील ओल पाहून पेरावे, हे स्पष्ट होते.

खरिपाची कोरडवाहू पेरणी साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीस वाफसा आल्याखेरीज करू नये. पहिल्या हलक्या सरीवर पेरलेले बियाणे उगवते, परंतु पुढे पावसाने ओढ दिल्यास रोप करपते व दुबार पेरणीचा प्रसंग येतो. दुसऱ्या वेळचे बियाणे बहुधा कर्जाऊच आणावे लागते.

प्रश्न ५ : पीक उन्हाचे नेमके काय करते?

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून साखर तयार करते आणि प्राणवायू बाहेर टाकते. दाणा, कडबा व लाकूड यांचा बहुतेक भाग असा हवा, पाणी व ऊन यांतून उभा राहतो. शेतावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम शेकडा एक-दोन भागच पिकाच्या अंगी लागतो. ज्वारी, बाजरी, मका व ऊस ही पिके प्रखर उन्हाचा उपयोग गहू व भात यांहून अधिक चांगला करून घेतात. तण दाट झाले तर ते पिकाचे खत व पाणी घेतेच, शिवाय त्याचे ऊनही अडविते.

काही पिके दिवसाच्या लांबीवरूनही आपला काळ ओळखतात. सोयाबीन हे दिवस लहान होऊ लागताच फुलावर येणारे पीक आहे. ते फार उशिरा पेरले तर पुरती वाढ होण्यापूर्वीच फुलते आणि उत्पन्न घटते. शेवंतीचा स्वभावही असाच आहे. म्हणून बागाईतदार रात्री दिवे लावून तिचा बहर लांबवितात.

प्रश्न ६ : ग्रहणाचा पिकांवर वा अन्नावर परिणाम होतो काय?

सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर पडते. काही वेळ प्रकाश मंदावतो व हवा किंचित गार होते. याहून अधिक काही घडत नाही. अन्न विषारी होत नाही, उभ्या पिकास रोग लागत नाही व गर्भवती स्त्रीस उपाशी राहण्याचेही कारण नाही. उलट ग्रहणाने ज्ञानात भर पडली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या प्रकाशाचे वेध घेतले. त्या वर्षीच्या निरीक्षणांतूनच हेलियम या मूलद्रव्याचा प्रथम सुगावा लागला.

धोका असतो तो डोळ्यांना. ग्रहण उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा पाण्यातील प्रतिबिंबात पाहू नये. जाड कागदास टाचणीने छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, त्यातून दुसऱ्या कागदावर पडणारी प्रतिमा मुलांना दाखवावी.

प्रश्न ७ : सूर्यावरील डागांमुळे हवामान बिघडले आहे काय?

सूर्याच्या पृष्ठभागावर काही भाग भोवतालच्या मानाने थंड असतात. ते काळे दिसतात. या डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या अंतराने वाढते व घटते. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील वेधशाळा त्यांची नोंद विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठेवीत आली आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले भारताचे आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या निरीक्षणासाठी पाठविले गेले.

डाग वाढले की सूर्यावर स्फोट होतात व विद्युतभारित कणांचे लोट पृथ्वीकडे येऊ शकतात. मे २०२४ मधील अशा सौर वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या हंगामात उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणाऱ्या ट्रॅक्टरांचे काम खोळंबले. पिकास मात्र त्याचा उपद्रव झाला नाही. डागांच्या चक्रात सूर्याच्या एकूण ऊर्जेत पडणारा फरक हजारात एक भाग, एवढाच असतो. गेल्या चार दशकांत सूर्याची ऊर्जा वाढत गेलेली नाही, तरी पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत गेले आहे. याचे मुख्य कारण दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठलेला कर्बवायू हे आहे. तो पृथ्वीची उष्णता गोधडीप्रमाणे अडवून धरतो.

प्रश्न ८ : उन्हाचा मुद्दाम उपयोग कसा करून घ्यावा?

उन्हाळ्यातील कडक ऊन हे शेतकऱ्यास मिळणारे फुकटचे औषध आहे. त्याचा उपयोग पुढीलप्रमाणे करावा.

(१) रब्बीचे पीक निघताच खोल नांगरट करून ढेकळे तापू द्यावीत. किडींचे कोष व हरळी-कुंद्याची मुळे वर येऊन उन्हाने मरतात. कोषांवर पक्षीही ताव मारतात.

(२) रोपवाटिकेची जागा भिजवून तीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीने बुजवाव्यात व चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. आतील उष्णतेने रोगांच्या बुरश्या व पुष्कळशा तणांचे बी नष्ट होते.

(३) धान्य साठविण्यापूर्वी चांगले वाळवून, निवल्यावर कणगीत किंवा कोठीत भरावे. ओलसर धान्यास कीड व बुरशी लवकर लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एक पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाचा आकडा चावडीवरील फळ्यावर लिहावा आणि त्याखाली पेरणीच्या आरंभापासूनची बेरीज मांडावी. नक्षत्राचा दिवस पंचांगात सर्वांस मिळतो. आपल्या शिवारात किती पाणी पडले, हे मात्र गावानेच मोजावे लागते. बेरीज पुरेशी झाली, मूठभर माती दाबून वाफसा आल्याची खात्री पटली, म्हणजे शेतकरी बंधूंनी निःशंकपणे तिफण जुंपावी.