उन्हाळ्यातला फोटो प्रिंटर

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दोरीवर टाकलेला ओला पंचा बघता बघता कडक होतो. फोटो प्रिंटरच्या हेडची छिद्रं केसापेक्षा बारीक. त्यांच्या तोंडाशी थांबलेल्या शाईचं या हवेत काय होणार, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण आमच्या भागातले स्टुडिओवाले दर उन्हाळ्यात हेडचा खर्च अंगावर घेतात आणि दोष शाईला देतात.

आमच्या दुकानात सहा रंगांचा, टाकीवाला प्रिंटर आहे. एका वर्षी लग्नसराई संपता संपता प्रिंट चालू असतानाच लाइट गेली. लवकर येईना, म्हणून पोराने मेन स्विच पाडला आणि शटर ओढलं. पुढे घरचं लग्न, दुकान बंद. उघडल्यावर पहिलाच फोटो काढला तर नवरीच्या चेहऱ्यावर हिरवट झाक! मॅजेंटा आणि फिका मॅजेंटा, दोन्ही बंद पडले होते. मग सुरू झालं हेड क्लीनिंग. एकदा, पुन्हा, परत. टाकीतली शाई उतरत गेली आणि नोझल चेकच्या रेघा मात्र आणखी तुटत गेल्या. शेवटी रिपेअरवाल्याने हेड बाजूला सरकवून खालची कॅप दाखवली. म्हणाला, "भाऊ, ही नीट बसतच नाही. तुम्ही शाई नाही, हवा ओढून राहिले."

सगळी गोम त्या कॅपमध्ये आहे. काम संपलं की हेड कडेला जाऊन रबरी काठाच्या कॅपवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. क्लीनिंगच्या वेळी खालचा पंप याच कॅपमधून शाई ओढतो. काठावर वाळलेल्या शाईची खरपुडी असेल तर कॅप घट्ट बसत नाही. मग छिद्रं उघडी राहतात आणि पंपही नुसती हवा खातो. आमचं हेड तर लाइट गेल्यामुळे मध्येच, उघड्यावर अडकलं होतं.

म्हणून पहिला नियम: प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा, हेड कडेला जाऊन बसल्याचा आवाज ऐकायचा आणि मगच मेन पाडायचा. मध्येच लाइट गेली तर आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करायचा, त्याशिवाय घरी जायचं नाही. इंकजेटला वीज फार लागत नाही, संगणकाचा छोटा यूपीएस पुरतो. कॅपचा काठ अधूनमधून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार तिथेच बसतात. स्पिरिट तर रबराजवळ नेऊच नये.

दुसरी गोष्ट हवेची. माझ्या प्रिंटरच्या पुस्तिकेत २० ते ८० टक्के आर्द्रता सांगितली आहे. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे ती २०च्या खाली सहज जाते. कूलर असलेल्या खोलीत प्रिंटर सुखात राहतो, फक्त झोत थेट अंगावर नको, कारण धूळही त्याच वाटेने येते. एसी मात्र हवा आणखी कोरडी करतो. आर्द्रतामापक भिंतीवर लावा, स्वस्तात मिळतो. आकडा ४०च्या पुढे असला की मी निर्धास्त असतो. रात्री कागदाची मागची फट बंद करून वर प्लास्टिकचं कव्हर टाकतो आणि आत, प्रिंटरला न टेकवता, वाटीत ओला स्पंज ठेवतो. ग्लॉसी पेपर मात्र त्या कव्हरखाली ठेवू नका, तो पाकिटातच बरा.

गिऱ्हाईक नसलं तरी दोन-तीन दिवसांनी सहाही रंगांचा एक छोटा फोटो काढावा. नुसत्या काळ्या अक्षरांच्या पानाने बाकीच्या रंगांचं भलं होत नाही. नोझल चेकमध्ये पिवळी रेघ डोळ्याला दिसत नाही. मोबाइलचा स्क्रीन निळा करून त्या उजेडात बघा, ती काळपट उठून दिसते.

रेघा तुटल्याच तर क्लीनिंग दोन-तीनदा, त्यापुढे नाही. कॅप पुसा, प्रिंटर बटणाने बंद करा आणि रात्रभर सोडून द्या. वाळलेली शाई कॅपमधल्या ओलाव्याने पुष्कळदा आपोआप सुटते. क्लीनिंगची शाई जाते खालच्या पॅडमध्ये. तो भरला की प्रिंटर कामच थांबवतो, तो खर्च वेगळा. पॉवर क्लीनिंग हा शेवटचा उपाय, आणि टाक्या तळाला असतील तर तोही नको, नळ्यांत हवा शिरते.

आणि ज्यांच्याकडे आठवड्याला चार फोटोही निघत नाहीत, त्यांनी इंकजेटच्या फंदात पडू नये. रिबनवर चालणारा डाय-सब्लिमेशन प्रिंटर घ्यावा, त्यात वाळायला शाईच नसते. नाहीतर फोटो सरळ लॅबला पाठवावेत.