दोष असेंब्लरचा की प्रोग्रामचा?

प्रश्न : मी सलवा, कुवेत येथे बारावीत आहे. लिनक्सवर नॅसम हा असेंब्लर स्वतः बिल्ड केला. प्रिंटएफ हे सी फंक्शन वापरणारा माझा ६४ बिटी प्रोग्राम तिथे चालतो, पण विंडोजसाठी असेंबल केल्यावर बंद पडतो. असेंब्लरमध्ये बग असेल का? तो कसा कळवू?

उत्तर : नॅसम स्वतः बिल्ड केलास, याचे मनापासून कौतुक! बग मात्र बहुधा तुझ्या प्रोग्रामात आहे. लिनक्सवर फंक्शनचे पहिले दोन पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट आरडीआय व आरएसआय या रजिस्टरांतून जातात; विंडोजवर आरसीएक्स व आरडीएक्समधून. शिवाय विंडोजवर कॉल करण्याआधी स्टॅकवर ३२ बाइट जागा राखावी लागते. आउटपुट फॉरमॅट ‘ईएलएफ६४’ऐवजी ‘विन६४’ दिल्याने हे नियम आपोआप बदलत नाहीत.

हे दुरुस्त करूनही शंका उरली, तर नॅसमची लिस्टिंग फाइल काढ. त्यात प्रत्येक ओळीपुढे तयार झालेले बाइट दिसतात. ते इंटेलच्या मॅन्युअलशी जुळत नसतील, तरच असेंब्लरवर संशय घ्यावा.

बग कळवताना नॅसमची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दिलेली पूर्ण कमांड, अपेक्षित व प्रत्यक्ष परिणाम आणि दोष दाखवणारा लहानात लहान कोड दे. एररचा मजकूर जसाच्या तसा उतरव. नॅसमच्या मूळ लेखकांपैकी एक, सायमन टॅथम यांनी १९९९मध्ये बग कसा कळवावा यावर लिहिलेला निबंध जरूर वाच. दोष पुन्हा घडवता आला, की दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम होते.