घटक ६ : जकात, स्थलांतर आणि न्यायालय – अमेरिकेतील एक वाद (१९२२–१९३७)

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अमेरिकेने परदेशी मालावर किती कर लावावा, परदेशांतून कोणाला येऊ द्यावे आणि या दोन्ही बाबतींत तेथील न्यायालयाने कोणता निकाल दिला, अशा बातम्या तुम्ही वर्तमानपत्रांत वाचत असता. पहिले दोन प्रश्न धोरणाचे आहेत. तिसरा वेगळ्या प्रकारचा आहे. ‘न्यायालय पक्षपाती आहे’ असे एखादा नेता म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते, आणि त्याचा आरोप खरा की खोटा हे आपण कशावरून ठरवायचे? या घटकात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. त्यासाठी चालू घटनांऐवजी सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा कालखंड निवडला आहे. चालू वादात आपली मते बहुधा आधीच ठरलेली असतात. जुन्या वादातील निकालपत्रे, मतांची संख्या आणि पुढचे परिणाम मात्र आपल्यासमोर असतात.

आधी दोन शब्दांविषयी. ‘टॅरिफ’साठी मराठीत प्रशुल्क, आयातशुल्क, जकात असे शब्द वापरले जातात. जकात म्हटले की तुमच्यापैकी अनेकांना शहराच्या वेशीवरचा जकात नाका आणि तेथील मालमोटारींची रांग आठवेल. तो कर शहराच्या हद्दीवर घेतला जाई. येथे देशाच्या हद्दीवरील कर अभिप्रेत आहे. नाक्यावर पैसे व्यापारी भरत असला तरी त्यातला पुष्कळसा भार शेवटी गिऱ्हाइकावर पडे, हा अनुभव येथेही उपयोगी पडेल. दुसरा शब्द ‘काँग्रेस’. या घटकात तो अमेरिकेच्या कायदेमंडळासाठी वापरला आहे, आपल्या परिचयाच्या पक्षासाठी नव्हे.

६.२ सप्टेंबर १९२२

सप्टेंबर १९२२ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी जॉर्ज सदरलँड यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक केली. त्याच महिन्यात त्यांनी फोर्डनी–मॅककम्बर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जकात कायद्यावर सही केली. या दोन घटना एकत्र पाहिल्या तर आपल्या विषयाचे सगळे धागे हाती येतात. सदरलँड हे युटा राज्याचे माजी सेनेटर, रिपब्लिकन पक्षाचे आणि संरक्षक जकातीचे पुरस्कर्ते होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले होते. म्हणजे ते स्वतः स्थलांतरित होते. पक्षाचा माणूस न्यायासनावर बसला की काय होते, हे पाहण्यासाठी यापेक्षा सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

जकात आणि स्थलांतर हे वाद त्या काळात एकाच युक्तिवादावर चालत होते. परदेशी स्वस्त मालामुळे अमेरिकी कारखानदार बुडतो, म्हणून जकात. परदेशी स्वस्त मजुरामुळे अमेरिकी कामगाराची मजुरी घसरते, म्हणून स्थलांतरावर बंधन. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग, त्यात हिंदुस्थानही, ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ठरवला होता. १९२१ मध्ये युरोपियांसाठीही कोटा आला आणि १९२४ मध्ये तो अधिक आवळण्यात आला. एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत आढळले, त्यांच्या दोन टक्के एवढाच त्या देशाचा वार्षिक कोटा. जनगणना १८९० ची का? कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे मोठे लोंढे त्यानंतरचे होते. आकडा निवडण्यातच धोरण दडलेले असते, हे येथे नीट लक्षात घ्या.

६.३ ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ

परदेशी माणसाला नागरिकत्व देण्याचा अमेरिकेचा पहिला कायदा १७९० चा. तो ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’पुरता होता. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. आशियाई लोकांचे काय, हे मोघमच राहिले. ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षे अमेरिकेत राहिलेले, तेथेच शिकलेले होते. त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९२२ मध्ये फेटाळला. निकालपत्र सदरलँड यांनी लिहिले. ‘गोरा’ म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे कॉकेशियन वंश म्हणतात त्या वंशाचा. ओझावा त्या वंशाचे नाहीत, म्हणून अपात्र.

तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागला. थिंद हे पंजाबचे शीख. १९१३ मध्ये अमेरिकेत आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झाले आणि सन्मानाने निवृत्त झाले. ऑरेगनमधील न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले होते. सरकारने त्याला आव्हान दिले. थिंद यांची बाजू साधी होती. त्या काळचे वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानी लोकांना कॉकेशियन मानत होते आणि ओझावा निकालाने गोरा म्हणजे कॉकेशियन असे सांगितले होते. मग अडचण कोठे?

सदरलँड यांनी उत्तर दिले की कायद्यातला शब्द शास्त्रज्ञांचा नाही, सामान्य माणसाच्या बोलण्यातला आहे आणि सामान्य माणूस हिंदुस्थानी मनुष्याला गोरा म्हणत नाही. ओझावा निकालातही ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द होता, असा आधार त्यांनी घेतला. तो शब्द तेथे होता, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. तरीही दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचली तर दिसते की पहिल्यात वंशाची शास्त्रीय विभागणी अर्जदाराला बाहेर ठेवण्यास पुरेशी ठरली, दुसऱ्यात तीच विभागणी अर्जदाराला आत घेऊ लागताच निरुपयोगी ठरली.

थिंद यांच्या बाजूचे लेखी म्हणणेही निर्मळ नव्हते. ते ‘उच्चवर्णीय हिंदू’ आहेत (शीख माणसासाठी हा शब्द!), त्यांच्या जातीने बेटीव्यवहाराची बंधने पाळली, म्हणून त्यांचे रक्त शुद्ध, असा युक्तिवाद त्यात होता. एका देशातील भेदाविरुद्ध लढताना दुसऱ्या देशातील भेद पुरावा म्हणून पुढे केला गेला. मराठी वाचकाने या मुद्द्याशी थोडे थांबलेच पाहिजे.

निकालाचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यासाठी सरकारने खटले सुरू केले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र परकीयांना जमीन घेण्यास बंदी होती, त्यामुळे नागरिकत्वाबरोबर मालमत्ताही जाऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोतील दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व गमावल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. १९२४ च्या कायद्याने तर नागरिकत्वास अपात्र ठरलेल्यांना स्थलांतरित म्हणून देशात येण्यासच बंदी केली. न्यायालयाने एका शब्दाचा लावलेला अर्थ असा सरहद्दीवरचे कुंपण बनला.

या लाटेला अडवले ते सखाराम गणेश पंडित यांनी. थिंद यांच्या बाजूने काम केलेल्या वकिलांपैकी ते एक होते. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते, आणि आता तेही धोक्यात आले. आपण गोरे आहोत की नाही या वादात न शिरता त्यांनी वेगळी वाट घेतली. एका न्यायालयाने हा प्रश्न रीतसर ऐकून निकाल दिला आणि सरकारने तेव्हा अपील केले नाही, तर तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर असे खटले थंडावले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : ‘शास्त्र’ आणि ‘सामान्य माणसाची समजूत’ यांपैकी कायद्यातील शब्दाचा अर्थ कशावरून ठरवावा, असे तुम्हांला वाटते? तुमचे उत्तर ओझावा आणि थिंद या दोघांनाही लावून पाहा.

६.४ जकात ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकी राज्यघटनेने कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. १९२२ च्या कायद्याने मात्र, देशी आणि परदेशी उत्पादनखर्चातील फरक भरून काढण्यासाठी, जकात पन्नास टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याची मुभा अध्यक्षांना दिली. त्यानुसार बेरियम डायॉक्साइडवरील जकात पौंडामागे चार सेंटांवरून सहा सेंट झाली. हॅम्पटन नावाच्या आयातदार कंपनीने याला आव्हान दिले. १९२८ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की काँग्रेसने समजण्याजोगे तत्त्व घालून दिले असेल तर असा अधिकार सोपवता येतो.

१९३० मध्ये हूव्हर यांनी एक हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांचा लेखी विरोध बाजूला सारून स्मूट–हॉली कायद्यावर सही केली. कॅनडासह अनेक देशांनी प्रत्युत्तरादाखल स्वतःची जकात वाढवली. महामंदी या कायद्याने आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण मंदी आधीच सुरू झाली होती. पण आटत चाललेल्या व्यापाराला त्याने आणखी आवळले. १९३४ मध्ये डेमोक्रॅटिक काँग्रेसने अध्यक्ष रूझवेल्ट यांना परदेशांशी करार करून जकात निम्म्यापर्यंत उतरवण्याचा अधिकार दिला. गंमत अशी की जकात वाढवणारे आणि उतरवणारे, दोघेही अध्यक्षांच्याच हाती अधिकार सोपवत होते.

१९३५ मध्ये मात्र न्यायालयाचा सूर पालटला. ब्रुकलिनमधील कोंबड्यांचे व्यापारी शेक्टर बंधू यांच्या खटल्यात, उद्योगांसाठी नियम करण्याचा जो अधिकार काँग्रेसने अध्यक्षांना दिला होता, तो रद्द ठरला. हा पक्षपात म्हणावा काय? निकाल नऊ विरुद्ध शून्य असा होता. डेमोक्रॅटिक अध्यक्ष विल्सन यांनी नेमलेले लुई ब्रँडाइसही त्यात होते. पुढील वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, कर्टिस–राइट खटल्यात याच न्यायालयाने परदेशी शस्त्रविक्री थांबवण्याचा रूझवेल्ट यांचा अधिकार सात विरुद्ध एक मतांनी मान्य केला. निकालपत्र पुन्हा सदरलँड यांचे. परराष्ट्रव्यवहारात अध्यक्षांचा अधिकार विस्तृत असतो, असे त्यांनी लिहिले. रूझवेल्ट यांचे विरोधक म्हणून प्रसिद्ध असलेल्या न्यायमूर्तींनी रूझवेल्ट यांचेच हात बळकट केले. जकात हा घरचा कर मानायचा की परराष्ट्रव्यवहाराचा भाग, या प्रश्नाचे मूळ येथे आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाही.

६.५ १९३७ चा संघर्ष

१९३६ ची निवडणूक रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकली. न्यायालयाने त्यांचे अनेक कायदे रद्द केले होते, काही केवळ एका-दोन मतांच्या फरकाने. ५ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी योजना मांडली. सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा न्यायमूर्ती, जास्तीत जास्त सहा. म्हणजे नऊचे पंधरा होऊ शकले असते. कारण सांगितले गेले ते वृद्ध न्यायमूर्तींवरील कामाच्या बोजाचे. ते कोणालाही पटले नाही, आणि पटण्यासारखे नव्हतेही.

२९ मार्चला वेस्ट कोस्ट हॉटेल खटल्यात न्यायालयाने स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला. याच विषयावरचा सदरलँड यांचा १९२३ चा निकाल त्यामुळे रद्द झाला. त्यांनी विरोधी मत नोंदवले. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी धमकीला घाबरून बाजू बदलली असे पुष्कळांनी म्हटले. पण या खटल्यातील न्यायमूर्तींचे आपसांतील मतदान डिसेंबरमध्येच, म्हणजे योजना जाहीर होण्यापूर्वी, झाले होते. सेनेटच्या न्यायविषयक समितीत डेमोक्रॅटांचेच बहुमत होते, तरी तिने ही योजना दहा विरुद्ध आठ मतांनी नाकारली. जुलैमध्ये सेनेटने ती ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवली आणि तेथेच ती संपली.

६.६ पक्षनिष्ठ आणि पक्षपाती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत ‘पक्षपाती’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो : राजकीय पक्षाशी निष्ठा ठेवणारा, आणि एका बाजूकडे झुकणारा. या घटकापुरते पहिल्याला ‘पक्षनिष्ठ’ म्हणू. १९३७ चा आरोप पक्षनिष्ठेचा होता, असे समजले जाते. पण न्यायमूर्तींच्या नेमणुका तपासा. रूझवेल्ट यांच्या चार कट्टर विरोधकांपैकी मॅकरेनॉल्ड्स यांना डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी नेमले होते आणि बटलर स्वतः डेमोक्रॅट होते. उलट रूझवेल्ट यांच्या कायद्यांना वारंवार अनुकूल मत देणारे स्टोन हे रिपब्लिकन होते. मतभेद होता तो सरकारने बाजारात किती हात घालावा याविषयीचा. न्यायमूर्ती कोणी नेमला एवढे पाहून निष्कर्ष काढला असता तर येथे तो चुकला असता.

थिंद यांचा निकाल याच्या नेमका उलट आहे. तो एकमताने लागला. दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी नेमलेले न्यायमूर्ती त्यात सहमत होते आणि स्थलांतर रोखण्याच्या कायद्यांना दोन्ही पक्षांची मते होती. त्यामुळे तो पक्षनिष्ठ मुळीच नव्हता. पक्षपाती मात्र होता, आणि १९३७ च्या एवढ्या मोठ्या गदारोळाचा तो विषय नव्हता. राजकीय पक्ष आपसांत भांडतात तेव्हाच न्यायालयाच्या झुकावाकडे लोकांचे लक्ष जाते. पक्ष एकत्र येऊन ज्याला बाहेर ठेवतात, त्याच्यासाठी हा आरोप करणारा सहसा कोणी नसतो.

थिंद यांना न्याय न्यायालयाकडून मिळालाच नाही. काँग्रेसने १९३५ मध्ये महायुद्धात लढलेल्या परदेशी सैनिकांसाठी वेगळा कायदा केला आणि १९३६ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले. इतर हिंदी लोकांना १९४६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाचा हक्क आणि स्थलांतरासाठी कोटा दिला : वर्षाला १०० माणसे.

सरावासाठी प्रश्न

१. हॅम्पटन, शेक्टर आणि कर्टिस–राइट या तीन निकालांत अधिकार सोपवण्याविषयी न्यायालयाची भूमिका सुसंगत होती काय? प्रत्येक निकालातील मतांची संख्या लक्षात घेऊन लिहा.

२. अलीकडच्या वर्तमानपत्रांतून, भारतातील किंवा अन्य देशातील, ज्याला पक्षपाती म्हटले गेले असा एक निकाल निवडा. तो पक्षनिष्ठ आहे, पक्षपाती आहे, दोन्ही आहे की यांपैकी काहीच नाही? नेमणूक कोणी केली याचा उल्लेख न करता, केवळ निकालातील युक्तिवादाच्या आधारे तुमचे उत्तर सुमारे २०० शब्दांत मांडा.