पिकावरील रोग-किडींचे जवळून सुस्पष्ट छायाचित्र कसे घ्यावे?

पालघर, बोईसर व तारापूर परिसरात भात हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. पिकावर डाग अथवा कीड दिसताच भ्रमणध्वनीने छायाचित्र घेऊन ते कृषी खात्याकडे किंवा डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राकडे दाखविणे आता शक्य झाले आहे. मात्र छायाचित्र अस्पष्ट असल्यास तज्ज्ञालाही खात्रीने निदान करता येत नाही.

भाताचा करपा व कडाकरपा हे दोन रोग पाहावेत. करप्याचा डाग मध्ये रुंद व दोन्ही टोकांना निमुळता असून त्याचा मध्यभाग राखाडी व कडा तपकिरी असते. कडाकरप्यात पानाच्या टोकाकडून कडेने नागमोडी, पिवळसर पट्टे उतरतात. पहिला रोग बुरशीमुळे होतो, दुसरा जिवाणूंमुळे. त्यामुळे करप्यावरील बुरशीनाशक कडाकरप्यास आवर घालू शकत नाही. अस्पष्ट चित्रात दोन्ही पाने सारखीच करपलेली दिसतात. अशा वेळी चुकीची फवारणी होऊन पैसा जातो आणि रोगही पसरत राहतो.

चित्र अस्पष्ट का येते?

जवळून चित्र घेताना डागाबरोबर हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. सुस्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोलीही फार थोडी राहते; पान किंचित पुढेमागे झाले तरी डाग धूसर होतो. शिवाय पावसाळी आभाळात, किंवा कारखान्याच्या पाळीपूर्वी झुंजुमुंजू असताना घेतलेल्या चित्रास प्रकाश कमी मिळतो. तेव्हा यंत्राचा पडदा अधिक वेळ उघडा राहतो व तेवढ्यात हात हलतो.

कृती

१. भिंग स्वच्छ, मऊ कापडाने पुसावे. किनाऱ्यावरील दमट हवेने त्यावर ओल धरते.

२. शक्यतो सकाळी, समुद्राचा वारा वाढण्यापूर्वी, पण पुरेसा उजेड झाल्यावर चित्र घ्यावे. कडक उन्हात पानावर छत्रीची सावली धरावी.

३. एक गुडघा टेकून बसावे व कोपरे अंगाशी घट्ट धरावीत.

४. उजव्या हातात भ्रमणध्वनी व डाव्या हाताच्या चिमटीत पान धरून दोन्ही मनगटे एकमेकांस टेकवावीत. त्यामुळे पान व यंत्र एकत्रच हलतात. पान भिंगासमोर सपाट असावे.

५. अर्ध्या वितीपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा, जवळ जाऊ नये. फार जवळच्या वस्तूवर पुष्कळ यंत्रांची नजर ठरत नाही. थोडे दूर राहून चित्र नंतर कापून घ्यावे.

६. पडद्यावर डागावर बोट टेकवावे, नजर ठरू द्यावी, श्वास सोडून क्षणभर थांबावे व मग हळूच कळ दाबावी.

७. पाच-सहा चित्रे घ्यावीत. शेतातच ती मोठी करून पाहावीत व सर्वांत स्पष्ट असेल ते ठेवावे.

बुंध्याशी बसणाऱ्या तुडतुड्यांना मात्र हात लावू नये. ते बाजूस सरकतात. तेथे कोपर गुडघ्यावर टेकवून, यंत्र न हलविता कमरेतून सावकाश पुढे झुकावे. चिकूच्या पोखरलेल्या कळीचे बाहेरून एक आणि ती उघडून आतील अळीचे एक, अशी दोन चित्रे घ्यावीत.

पाठविताना

एकट्या डागाचे चित्र पुरेसे नाही. संपूर्ण शेत, एक पूर्ण रोप व डाग अशी तीन चित्रे पाठवावीत. आकार कळावा म्हणून डागाशेजारी आगपेटीची काडी धरावी. वाण, लावणीची तारीख, दिलेली खते व केलेली फवारणी लिहावी. संदेशातून पाठविताना चित्राचा बारकावा कमी होतो, म्हणून ते मूळ आकारात पाठवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेताच्या बांधावरच हे प्रात्यक्षिक करून दाखवावे आणि उत्तर येईपर्यंत अंदाजाने फवारणी न करण्याचा सल्ला द्यावा.